आठही टोले मी ऐकले होते

विजेच्या जवळ जाताना ते डावा हात पँटच्या खिशात घालत. नुसता अडकवत नसत, मनगटापर्यंत खोल घालत आणि मग उजव्या हाताने काम सुरू करत. नव्या माणसाला वाटायचं, मिस्त्री रुबाब करतायत. "एक हात कामाले, एक हात खिशात," ते म्हणायचे. "दोन्ही हात लावशीन तर करंट एकातून शिरस, दुसऱ्यातून निघस. वाटमा काळीज लागस."

तो हात त्यांनी खिशातून बाहेर काढला असा एकच दिवस मी पाहिला आहे. त्यांनी तो काढला कारण मी त्यांच्याशी खोटं बोललो. एका शब्दाचं खोटं. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. त्यांनी विचारलं, "भाचा, अर्थिंग शे ना?" आणि मी म्हणालो, "शे."

अर्थिंग नव्हतं. ते माझ्या हातांनी सोडलेलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली, प्लेगनंतर सुरत झाडूनपुसून लख्ख झाली त्या वर्षांमधली गोष्ट. एका कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा होती. मधोमध स्टीलची एक पोकळ कडी, बैलगाडीच्या चाकाएवढी. तिच्यातली हवा काढून टाकायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि मग एका क्षणात एवढी वीज ओतायची की त्या वायूचा प्लाझ्मा व्हावा. सूर्याच्या पोटात जे सतत चालू असतं त्याची ही डोळ्याची पापणी लवण्याआधी विझणारी नक्कल. ती वीज साठवायला शेजारच्या जाळीच्या खोलीत आठ मोठे कपॅसिटर ओळीने उभे होते. माणूस मारायला त्यातला एक पुरला असता.

मी तिथे पीएच.डी. करत होतो. वडील लूमवर कामगार, घर डिंडोलीला, घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. खिशात हात घालणारे ते तिथले मिस्त्री होते. कागदावर 'हेल्पर' आणि दर वर्षी नवी ऑर्डर. आधी ते पॉवरलूम दुरुस्त करत. कुणीतरी त्यांचा हात पाहून इथे आणलं होतं. त्यांचं गाव माझ्या आईच्या गावापासून दोन कोसांवर निघालं. ते कळल्याबरोबर त्यांनी नातं लावून टाकलं. "म्हंजे तू मना भाचा. आता तुना चहाना पैसा मी देसू आणि तुले रागंबी मीच भरसू."

तुम्हीही असं एखादं माणूस कामाच्या ठिकाणी पाहिलं असेल. पगाराच्या यादीत सगळ्यात खाली, पण त्याने मान हलवल्याशिवाय कुणी काही सुरू करत नाही. सर, म्हणजे आमचे गाईड, परदेशात शिकून आलेले, ते सुद्धा शॉट मारण्याआधी विचारत, "मिस्त्री, चालेगा?" प्लाझ्मा पेटवायच्या त्या एका धमाक्याला आम्ही शॉट म्हणत असू.

मामा त्या कडीला म्हैस म्हणत. सकाळी आले की तिच्या अंगावरून हात फिरवत, व्हॅक्यूमचा काटा पाहत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "आज दूध देस का लाथ मारस?" कुठे हवा शिरत असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश एकेका जोडावरून फिरवत आणि काटा हलला की खूश होत. "सापडनी! आठे खाज व्हती तिले." सरांना गुजरातीत समजावत, मला अहिराणीत आणि म्हशीला शिव्या हिंदीत. हिंदी तिला नीट कळते, असं त्यांचं म्हणणं.

पण जाळीच्या खोलीत जाताना हे सगळं थांबायचं. तिथे ते भीतीने वागत, आणि ती भीती त्यांनी आम्हाला शिकवली. दाराशी एक लांब लाकडी दांडी टांगलेली असे, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून जाडजूड तार जमिनीत. शॉट झाला की मामा डावा हात खिशात घालून आत जात आणि त्या आकड्याने आठही कपॅसिटरांना एकेक टोला देत. राहिलेली वीज असेल तर जमिनीत जावी म्हणून. टक्. टक्. टक्. आम्ही बाहेर श्वास धरून मोजत असू. आठवा टोला झाल्यावर ते ओरडत, "म्हैस बांधी!" मगच बाकीच्यांनी हलायचं.

दुसरा नियम लूमवरचा. तिथे मिस्त्रीचा हात मशीनच्या आत असला की तो हँडलला एक चिंधी बांधतो. चिंधी दिसते तोवर मशीन कुणी सुरू करत नाही आणि चिंधी ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मामांनी साडीच्या लाल किनारीच्या पट्ट्या आणून शेडमध्ये खिळ्याला लटकवल्या होत्या. कुठलीही अर्थिंगची तार सोडायची तर तिथे लाल पट्टी बांधायची. सरांनी सोडली तरी.

एकदा सरांनी बांधली नाही. मामांनी त्या दिवशी एकही शॉट मारू दिला नाही. स्टूलवर बसून राहिले. सर चिडले, मग हसले, मग स्वतः उठून पट्टी बांधून आले. "आता कसं गुणी लेकरू," मामा मला हळूच म्हणाले.

माझं काम डिटेक्टरचं. प्लाझ्मातून काही कण फार वेगाने बाहेर निसटतात. ते मोजणारी डबी मी दोन वर्षं खपून बनवली होती: कण आपटला की चमकणारा प्लॅस्टिकचा तुकडा आणि ती चमक पकडणारी काचेची नळी. नळीला दीड हजार व्होल्ट लागत. डबी कडीच्या वरच्या तोंडावर बसवलेली, स्टूलवर चढल्याशिवाय हात न पोचणारी.

तिची चाचणी साधी होती. डबीच्या पुढे शिशाची वीट ठेवायची. कण विटेत अडकले की पडद्यावरची रेघ सपाट व्हायला हवी. वीट काढली की टोकं दिसायला हवीत. माझी डबी वीट असली तरी टोकं दाखवायची. याचा अर्थ ती कण मोजतच नव्हती. त्या धमाक्याच्या वेळी तारांमधून जो विजेचा गोंगाट धावतो तोच मोजत होती. दोन वर्षं मी गोंगाट मोजला होता.

आठवड्याभरात बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. हे काम पुढे चालवायचं की बंद करायचं हे ती ठरवणार होती. सर मला काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटायची. घरी वडील शेजाऱ्यांना सांगत की पोरगा सूर्य बनवतोय.

मला इलाज माहीत होता. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत असतो आणि सगळ्यांना तो करू नका म्हणून सांगितलेलं असतं. डबीला दोन बाजूंनी अर्थिंग मिळत होतं आणि त्या दोन वाटांमधून गोंगाट गोल फिरत होता. एक वाट तोडायची. मी केबलच्या बाजूची, मामांना दाखवून, तोडली. फरक पडला, पण थोडाच. मग त्या दिवशी सकाळी, मामा चहाला गेले असताना, मी स्टूलवर चढलो आणि डबीपासून कडीकडे जाणारी तांब्याची वेणीही, म्हणजे अर्थिंगची विणलेली तार, सोडली.

लाल पट्टी खिळ्यावर लटकत होती. मी ती घेतली नाही. पट्टी बांधली असती तर मामांना दिसली असती, आणि दिसली असती तर त्यांनी शॉट मारू दिला नसता.

पहिला शॉट, वीट पुढे असताना: रेघ सपाट. मामांनी वीट काढली. दुसरा शॉट: टोकं. खरी टोकं. मी ओरडलो. सर धावत आले, पडद्याकडे पाहत राहिले, मग माझ्या पाठीवर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. "फिर से," ते म्हणाले. "वीट परत ठेवा. एकदा दाखवलं ते पुन्हा दाखवता आलं पाहिजे." आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून ऑफिसकडे गेले.

मामा दांडी घेऊन जाळीत गेले. मी टेबलाशी होतो. टक्, टक्, टक्. मी मोजत होतो, सवयीने. आठ. "म्हैस बांधी!"

मग ते वीट घेऊन स्टूलवर चढले. मघाशी वीट काढताना त्यांनी एकाच हाताने ओढून घेतली होती. ठेवायची म्हणजे डबी एका हाताने धरून दुसरा कडीवर टेकत वीट सरकवायला हवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळीचा पुरवठा मी बंद केलेला नव्हता. बंद केला की ती पुन्हा स्थिर व्हायला अर्धा तास लागायचा. नेहमी चालूच ठेवायचो. वेणी असली की त्यात धोका नसतो; नसली तर डबीच्या धातूच्या अंगातच ती वीज उतरू शकते.

"भाचा, डबीले अर्थिंग शे ना?"

मला बोलायला वेळ होता, हे मला लिहायलाच हवं. घाईत निसटलं असं नाही. मी पाहिलं की त्यांचा डावा हात अजून खिशात आहे. मनात म्हटलं, चार महिन्यांपूर्वी मी असाच हात लावला होता, काही झालं नव्हतं. पण तेव्हा वेणी होती. मी म्हटलं, हे सांगितलं तर ते खाली उतरतील, पट्टी का नाही म्हणून विचारतील, सर येतील, सगळं पुन्हा गोंगाट होऊन जाईल. एवढं सगळं मनात येऊन गेलं.

"शे."

त्यांनी हात खिशातून काढला.

आवाज झाला नाही. त्यांचं अंग एकदम ताठ झालं, आणि ते मागे फेकल्यासारखे स्टूलवरून गेले. वीट आधी पडली, मग ते. डोकं कुठे आपटलं ते मला दिसलं नाही. जमिनीवर ते कुशीवर पडले होते, डोळे अर्धे उघडे, आणि छाती हलत नव्हती.

मी पुरवठ्याचं बटण बंद केलं. ते बरोबर होतं. त्यानंतर मी स्टूल उभं केलं, चढलो आणि वेणी पुन्हा आवळली. स्क्रू दोनदा हातातून सटकला. खाली मामा पडलेले होते. माझा पाय त्यांच्या हाताच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता. स्क्रू घट्ट बसल्यावर मी खाली उतरलो, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि ओरडू लागलो.

मी छाती दाबायच्या आधीच त्यांनी मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. तो श्वास मी अजून ऐकतो.

हॉस्पिटलात ते दोन दिवस नीट शुद्धीवर नव्हते. खांद्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला टाके. मामी बाहेरच्या बाकावर बसून असायच्या आणि मी गेलो की सरकून जागा देत. "तू व्हता म्हनून वाचले ते," त्या म्हणायच्या. मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, पोरगा विनयी आहे. त्या दोन दिवसांत मला कशाची भीती वाटत होती ते आज सांगतो. ते मरतील याची. आणि ते उठून बोलू लागतील याचीही. दोन्ही भीती एकाच पोटात होत्या.

ते उठले तेव्हा त्यांना माझा शब्द आठवत नव्हता. स्टूलवर चढल्यापासूनचं सगळं पुसलं गेलं होतं.

सरांनी चौकशी केली ती प्रामाणिकपणे केली. प्रत्येक अर्थिंग हलवून पाहिलं. डबीची वेणीही ओढून पाहिली. ती घट्ट होती. मग एकच शक्यता उरली: एखादा कपॅसिटर टोला द्यायचा राहून गेला आणि उरलेली वीज कडीतून आली. सरांनी मला विचारलं, "तू पाहिलंस का दांडी लावताना?"

"माझं लक्ष पडद्याकडे होतं, सर."

ते खरंच होतं. पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं.

मामा एक हात गळ्यातल्या झोळीत घालून समोर बसले होते. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "राहिलं असेल, साहेब. एखादं राहिलं असेल."

त्यांनी वाद घातला असता तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. मी स्वतःला असं सांगतो. पण त्यांनी स्वतःवरच शंका घेतली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांना मिळाली नाही. सर वाईट वाटून म्हणाले, ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास उरला नाही त्याला त्या जाळीत पाठवणं पाप आहे. तपासणीची माणसं येऊन गेली, त्यांना टोकं आवडली. नंतर मी गोंगाटाचा इलाज रीतसर केला, वेणी न सोडता; सहा आठवडे लागले. फक्त सहा आठवडे. मला पदवी मिळाली, बारडोलीला कॉलेजात नोकरी लागली. सर परदेशी गेले, कडी मोडून भंगारात निघाली.

तीन वर्षं मी नवागामला, मामांच्या गल्लीत, पाऊल टाकलं नाही. आई म्हणायची, "मामा तुनी विचारपूस करतस." मी म्हणायचो, वेळ मिळत नाही.

मग एका रविवारी उधन्याच्या भाजीबाजारात मामी भेटल्या. मी वळणार होतो, त्यांनी पिशवीच धरली. "भाचा, तुले एक विचारू का? तू तठे व्हता." त्या भर गर्दीत हळू आवाजात बोलत होत्या. "ते अजूनबी माले विचारतस. जेवता जेवता थांबतस आणि विचारतस, मी दांडी लावेल व्हती ना? मी काय सांगू? मी म्हनस, लावेल व्हई. ते म्हनतस, मंग कसं व्हयनं? तू सांग ना त्यासले काहीतरी."

मी त्यांच्याबरोबरच गेलो. पिशवी माझ्या हातात होती. सोडून पळता आलं नाही.

मे महिन्याची दुपार. एक खोली, एका टोकाला मामींची चूल. मामा भिंतीला टेकून बसले होते. आता ते साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जात. मला पाहून चेहरा उजळला. "ये रे! बठ, बठ. केवढा घामेजेल शे." आणि मामींना हाक मारली, "पंखा लाव वं, भाचा येल शे."

मामींचे हात पिठात होते. त्यांनी ते धुतले, पदराला पुसले, खोली ओलांडून आल्या आणि बटण दाबलं. बटण मामांच्या खांद्याला लागून होतं.

त्यांच्या घरात ते नेहमीचंच असावं. जो माणूस आठ कपॅसिटरांच्या मधून शिट्टी वाजवत बाहेर यायचा, तो पंख्याच्या बटणाला भीत होता. माझी भीती मी त्याच्या घरी ठेवून गेलो होतो.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही दांडी लावली होती. आठही टोले मी ऐकले होते. डबीची वेणी त्या दिवशी चुकून सुटलेली..."

त्यांनी हात वर केला. उजवा हात; त्याची दोन बोटं आता नीट मिटत नव्हती. चेहऱ्यावर राग नव्हता, जोड तपासताना असायची ती नजर होती.

"थांब. सुटेल व्हती का सोडेल व्हती?"

मामी चुलीकडे परत गेल्या नव्हत्या.

"सोडलेली, मामा."

"कोन सोडी?"

"मी."

"पट्टी?"

"बांधली नाही."

"नळीना पुरवठा?"

"चालू होता."

त्यांनी डोळे मिटले. ते मनात स्टूलवर चढत होते, डबी धरत होते, हे मला दिसत होतं. मग त्यांनी मामींकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं म्हणाले, "ऐक वं. आठहीले लावेल व्हती." आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. मामी त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही.

मी म्हणालो, "मामा, मला माफ..."

"आधी पुरं सांग," ते म्हणाले. आवाज अजून ओला होता, पण कडक. "पहिलापासून. चुकून म्हनू नको. व्हई गयं म्हनू नको. तू जे करं ते सांग. तिलेबी ऐकू दे."

त्यांना माझा 'शे' आठवत नव्हता. स्टूल आणि स्क्रू तर जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते गाळून सांगता आलं असतं. मी हात जोडले आणि दोघांनाही सांगितलं:

"वेणी मी सोडली. पट्टी मी मुद्दाम बांधली नाही. तुम्ही मला विचारलं, अर्थिंग आहे ना, आणि मी आहे म्हणालो. तुम्ही पडलात, तुमचा श्वास चालत नव्हता, आणि मी आधी तुमच्याजवळ आलो नाही. आधी वर चढून वेणी आवळली. नंतर सरांनी विचारलं तेव्हा आठ टोले ऐकले होते हे सांगितलं नाही. मामा, मामी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."